फ्लश दाबूनही पूर्ण साफ होत नाही? प्लंबरला बोलवायच्या आधी एक बादली ओतून बघा

फ्लश दाबला, पाणी आलं, आवाज झाला, आणि खाली बघावं तर निम्मं तसंच. मग टाकी भरेपर्यंत थांबा, परत दाबा, तरी नाही गेलं की बादली घ्या. मुंबईत हा त्रास असलेली घरं प्रचंड आहेत आणि लोक वर्षानुवर्षं तसंच चालवून घेतात, एक तर बोलायला संकोच वाटतो आणि दुसरं म्हणजे प्लंबर येतो, काहीतरी एक पार्ट बदलून पैसे घेऊन जातो, थोडे दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कमिटीवर मेंटेनन्सचं बघतो, त्यामुळे आमच्या आणि आजूबाजूच्या बिल्डिंगमधली अशी बरीच टॉयलेट्स बघून झालीयेत, आणि माझं ठाम मत आहे की हा प्रॉब्लेम परत परत येतो कारण मुळात एक गोष्ट कोणी तपासतच नाही: पाणी कमोडमध्ये येताना कमी पडतंय, की कमोडमधून जाताना अडतंय? वरून दोन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र पूर्ण वेगळे.

तर आधी बादली. साधारण आठ-दहा लिटर पाणी घ्या आणि कमोडच्या काठाच्या थोडं वरून एका दमात ओता, धार धरून हळूहळू नाही, एकदम, फक्त अंगावर उडणार नाही एवढं बघा. (कमोडमध्ये आधीच पाणी वरपर्यंत चढून थांबलं असेल तर ही टेस्ट करू नका, सगळं बाहेर येईल, तुम्ही सरळ खाली ब्लॉकेजचं लिहिलंय तिथे जा.) पाणी भसकन निघून गेलं तर तुमचा पाइप चांगला आहे, दोष टाकीकडचा आहे, त्यामुळे कोणी कमोड काढायला सांगितला तर काढू देऊ नका. पाणी वर चढलं आणि मग सावकाश उतरलं तर अडथळा आहे. आणि पाणी गेलं पण जाताना गुडगुड आवाज आला, बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे आले, तर गोष्ट बहुतेक तुमच्या घराबाहेरची आहे, डक्टमधल्या (बिल्डिंगचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या उभ्या जागेतल्या) पाइपची किंवा गच्चीवरची.

बादलीने जातं आणि फ्लशने का जात नाही, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्याकडचे बहुतेक कमोड वॉशडाउन प्रकारचे असतात, म्हणजे पाण्याच्या धक्क्याने घाण मागच्या ट्रॅपच्या (कमोडच्या मागे पाणी साचून राहतं त्या वाकड्या भागाच्या) वळणावरून पलीकडे ढकलली जाते. त्यामुळे किती लिटर पाणी गेलं यापेक्षा ते किती झपाट्याने गेलं याला महत्त्व आहे. जेट स्प्रेने कितीही वेळ पाणी मारलं तरी जात नाही आणि तेच एका बादलीत जातं ते याच कारणाने. टाकीतलं पाणी काही सेकंदांत धाडकन खाली आलं पाहिजे, मध्ये कुठेही त्याचा जोर मोडला तर फ्लश अर्धाच होणार.

बादली पास झाली असं धरून टाकीकडे वळू. झाकण काढा, बटणवालं असेल तर आधी बटणाची रिंग फिरवून सोडवावी लागते, आणि झाकण सिरॅमिकचं असेल तर टॉवेलवर आडवं ठेवा, उभं टेकवून ठेवलं की घसरून फुटतं आणि सुटं झाकण मिळणं फार कठीण. आत आधी पाण्याची पातळी बघा. टाकीच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा एक खूण असते, ती नसेल तर ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाखाली साधारण दोन सेंटीमीटर इतकं पाणी हवं. त्याच्या बरंच खाली असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) वर घ्यायचा, नवीन इनलेट वॉल्वला, म्हणजे टाकीत पाणी सोडणाऱ्या वॉल्वला, त्यासाठी स्क्रू किंवा क्लिप असते, जुन्या बॉल कॉकची दांडी हलक्या हाताने वर वाकवायची. एवढ्यानेच काम झालेली घरं मी बघितलीयेत.

पाणी पातळीपर्यंत येतंय पण फार हळू येत असेल, म्हणजे सकाळी एकामागून एक जाणाऱ्यांपैकी दुसऱ्याच्याच वेळी टाकी अर्धी असते, तर भिंतीवरचा अँगल कॉक (टाकीचं पाणी बंद-चालू करायचा छोटा नळ) पूर्ण उघडा आहे का बघा, आणि मग तो बंद करून कनेक्शन पाइप सोडवून इनलेट वॉल्वच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी काढून धुवा. प्रत्येक इनलेटला जाळी नसते पण असली तर हमखास ती तुंबलेली मिळते. सोसायटीची टाकी साफ झाली की तळचा गाळ लाइनमध्ये येतो आणि या जाळ्यांमध्ये अडकतो, म्हणून टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात अचानक बऱ्याच फ्लॅटमधून एकदम तक्रारी येतात. तेव्हा पार्ट बदलू नका, जाळी धुवा.

आता टाकी पूर्ण भरलेली आहे, बटण दाबलं, आणि पाणी थोडंसं जाऊन थांबलं, टाकीत निम्मं तसंच. इथे बघायचं की खालचा फ्लश वॉल्व लवकर बंद होतोय का. ड्युअल फ्लशमध्ये छोटं बटण साधारण तीन लिटर सोडतं आणि मोठं सहा लिटर, पण बऱ्याच वॉल्वला आत एक सरकती पट्टी असते जिच्यावर हे प्रमाण ठरतं, फिटिंग करणाऱ्याने ती कमीवर ठेवून दिलेली असते आणि घरच्यांना ती आहे हेच माहीत नसतं. ती वर करा. बटणाखालची दांडी आखूड पडत असेल तर बटण पूर्ण दाबलं तरी वॉल्व नीट उचलला जात नाही, तीही फिरवून लांब करता येते. साखळीवाला फ्लॅपर (टाकीच्या तळाचं भोक झाकणारं रबरी झाकण) असेल तर साखळी सैल आहे का बघा. आणि जुन्या हँडलच्या प्लास्टिक टाकीत हँडल दोन-चारदा मारल्याशिवाय फ्लशच सुरू होत नसेल तर आतल्या सायफनचा डायफ्राम, म्हणजे पाणी उचलून फ्लश सुरू करणारा पातळ वॉशर, फाटलाय, तो स्वस्तात मिळतो, पूर्ण टाकी बदलायची काही गरज नाही.

अजून एक गोष्ट, खास मुंबईची. पाणीकपात लागली की लोक टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवतात, २०२४ च्या जूनमध्ये दहा टक्के कपात होती तेव्हाही बऱ्याच घरांनी ठेवल्या. पाणी वाचवायची इच्छा अगदी योग्य आहे, आणि जुन्या दहा लिटरच्या टाकीत ते चालून जातं, पण टाकीच सहा लिटरची असेल तर त्यातलं लिटरभर कमी केल्यावर फ्लश अर्धाच होतो, मग दोनदा दाबावा लागतो आणि पाणी उलट जास्त जातं. बाटली काढा आणि छोटं बटण जिथे पुरतं तिथे छोटं वापरा.

याच हिशोबातला मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रकार म्हणजे जोडी न जमणं. जुन्या बिल्डिंगमधला कमोड दहा लिटरच्या हिशोबाने बनलेला, टाकी खराब झाली म्हणून प्लंबरने दुकानात मिळाली ती सहा लिटरची लावली, आणि त्या दिवसापासून फ्लश कधीच नीट झाला नाही. दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या असतात म्हणून दोष सापडत नाही. तुमचा त्रास टाकी बदलल्यानंतर सुरू झाला का हे आठवून बघा. आठ-दहा लिटरच्या टाक्या बाजारात अजूनही मिळतात, दुकानात मुद्दाम मागाव्या लागतात. टाकी भिंतीवर वेगळी असेल तर तिच्यापासून कमोडपर्यंत येणारा फ्लश पाइप जिथे कमोडच्या मागे घुसतो तिथला रबरही बघा, तो आत दुमडला गेला की अर्धं तोंड बंद होतं, आणि बाहेर सरकला की फ्लशच्या वेळी मागून पाणी गळतं. कोरडा टिश्यू मागे धरून फ्लश करा, लगेच कळेल.

टाकीतून पाणी जोरात जातंय तरी बाउलमध्ये जोर नाही, असं असेल तर काठाखालची भोकं बुजलीयेत. पालिकेचं पाणी तलावांचं असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात, पण बऱ्याच सोसायट्या फ्लशसाठी बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरतात आणि त्याचा पांढरा-पिवळा थर या भोकांत बसत जातो. निळीच्या पाण्यात कापूस बुडवून काठाच्या इंचभर खाली आतून गोल रेघ मारा आणि फ्लश करा, जिथे रेघ पुसली गेली नाही तिथली भोकं बंद. साफ करायला अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा, टिश्यूच्या घड्या व्हिनेगरमध्ये भिजवून काठाखाली गच्च दाबून रात्रभर ठेवा, सकाळी जुना टूथब्रश आणि बारीक वायर घेऊन एकेक भोक मोकळं करा. सायट्रिक ॲसिडचं पाणीही चालतं. उकळतं पाणी ओतू नका, सिरॅमिकला तडा जातो.

ॲसिडबद्दल कळकळीने सांगतो. बाजारातल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर त्यात मिसळली की क्लोरीन वायू तयार होतो. आपली टॉयलेट्स केवढीशी, खिडकी म्हणजे डक्टकडे उघडणारी दोन काचा, तिथे दार लावून हे दोन एकत्र टाकलं तर श्वास कोंडतो, जीवावर बेतू शकतं. एकाने होत नाही म्हणून दुसरं ओतायचं नाही. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही हे नीट सांगा, कारण बहुतेक घरांत ते काम त्याच करतात आणि बाटलीवरचं बारीक अक्षर त्यांना कोणी वाचून दाखवत नाही. सुटं ॲसिड तर घरात आणूच नका, टाइल्सचे सांधे आणि रबर दोन्ही खातं.

टॉप फ्लोअरवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्याकडे टाकी नसून भिंतीतला फ्लश वॉल्व आहे (प्लंबर ज्याला मेट्रोपोल म्हणतात तो) त्यांना पाण्याचा प्रेशर लागतो, आणि प्रेशर येतो उंचीतून, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. गच्चीवरची टाकी तुमच्या डोक्यावर तीन-चार मीटरवर असेल तर तुम्हाला मिळणार जेमतेम पाव ते अर्धा बार, तेवढ्यावर असा वॉल्व नीट चालत नाही. खाली दुसऱ्या मजल्यावर तोच वॉल्व मस्त चालतो म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंना सगळे सांगतात की तुमचा वॉल्व खराब आहे, बदला, आणि त्या बिचाऱ्या बदलत बसतात. वॉल्व कितीही बदलला तरी उंची बदलत नाही. एक तर प्रेशर पंप बसवा, नाहीतर वॉल्व काढून साधी टाकी लावा, माझं मत टाकीच्या बाजूने, कारण टाकी प्रेशरवर अवलंबून नसते, हळू भरली तरी पाणी एकदम सोडते आणि लाइट गेली तरी चालते.

आता बादली नापास झाली ती घरं. रबरी पंप आणा, पण सिंकसाठीचा साध्या वाटीचा नको, खाली आतल्या बाजूने अजून एक रबरी गळा निघालेला असतो तो कमोडचा. भोकावर तो पूर्ण बसला पाहिजे आणि रबर पाण्यात बुडालेलं हवं, नाहीतर नुसती हवा ढकलली जाते. दाबण्यापेक्षा वर ओढण्याचा झटका जास्त काम करतो, कारण अडकलेली वस्तू पुढे सरकवण्यापेक्षा सुटी करायची असते. त्याआधी थोडं भांड्याचं लिक्विड आणि बऱ्यापैकी गरम पाणी ओतून अर्धा तास थांबलात तर मदत होते.

पंप मारला की ठीक होतं आणि काही दिवसांनी परत तेच, असं सतत होत असेल तर ट्रॅपच्या वळणात काहीतरी घट्ट वस्तू अडकलीये असं समजा. फ्रेशनरच्या वडीचा प्लास्टिकचा पिंजरा, टूथब्रश, शॅम्पूचं पाऊच, लहान मुलांचं खेळणं. पाणी तिच्या बाजूने जात राहतं म्हणून पूर्ण तुंबत नाही, पण कागद आणि घाण तिला अडकत जाते, पंपाने तेवढीच सुटते आणि वस्तू तिथेच राहते. कमोडची स्प्रिंग (वळणातून आत जाणारी लांब लवचिक तार) घालून ती ओढून काढता आली तर उत्तम, नाहीतर कमोड उचलावाच लागतो, आणि कमोड उचलायची योग्य वेळ ही, त्याच्या आधी नाही. परत बसवताना मागचा जॉइंट सिमेंटने भरू देऊ नका, रबरी पॅन कनेक्टर लावायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी काही न फोडता निघेल. कामगार सिमेंटच पक्कं म्हणून आग्रह धरतील, तुम्ही ऐकू नका.

आणि कमोडमध्ये काय टाकू नये ते घरात मोकळेपणाने बोला. वेट वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलं असलं तरी पाण्यात विरघळत नाहीत. कापूस, डायपर, दाताचा दोरा, केस, उरलेलं तेल, शिळा भात, काही नाही. सॅनिटरी पॅड टाकले जातात ते बहुतेक वेळा बाथरूममध्ये डबाच नसतो म्हणून, पाहुण्या आलेल्या मुलीने किंवा कामाच्या ताईंनी कागदात गुंडाळलेला पॅड हातात घेऊन किचनच्या डब्यापर्यंत सगळ्यांसमोरून जायचं का? झाकणाचा एक छोटा डबा आणि शेजारी जुने पेपर ठेवा, त्याने जेवढे चोकअप थांबतात तेवढे कुठल्या केमिकलने थांबत नाहीत.

घरातलं सगळं ठीक आहे तरी गुडगुड येतेय, किंवा फक्त सकाळच्या गर्दीच्या वेळी त्रास होतो आणि दुपारी नाही, तर आपल्या बरोबर वरच्या आणि खालच्या घरी विचारा. एकाच डक्टमधल्या तीन घरांत त्रास असेल तर तो सोसायटीचा आहे. मैल्याचा उभा पाइप गच्चीच्या वर उघडा ठेवलेला असतो, कारण पाणी खाली जाताना मागून हवा मिळाली पाहिजे, भरलेली बाटली उलटी केली की गटागटा थांबत थांबत रिकामी होते ना, तसंच हवा नसलेल्या पाइपचं होतं. मे महिन्यात वॉटरप्रूफिंग करताना किंवा गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना हे पाइप कापून बुजवले जातात, कोणी वास येतो म्हणून वर कॅप लावतं, कधी कबुतरं वर काटक्या टाकतात. पावसाळ्याच्या आधी गच्चीवर काम झालं आणि नंतर फ्लशच्या तक्रारी सुरू झाल्या तर आधी वर जाऊन हे पाइप बघा. तिथे जाळीची टोपी हवी, बंद बूच नको.

खालच्या मजल्यांवर त्रास जास्त असेल तर चेंबर, म्हणजे मैल्याची लाइन तपासायचा जमिनीतला झाकणाचा खड्डा. वॉचमनदादांना सांगून आपल्या लाइनच्या पहिल्या चेंबरचं झाकण उघडून लांबूनच बघा, चेंबर तुडुंब भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे आहे, रिकामं असेल तर चेंबर आणि घर यांच्यामध्ये. एवढी माहिती मिळाली की काम नेमकं करता येतं. चेंबरमध्ये कोणाला उतरवायचं मात्र नाही, कितीही कमी खोल वाटलं तरी. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आत साचलेल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, मुंबईत अशी माणसं मेलीयेत आणि त्यांना उतरवणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्याच सोसायट्या होत्या. वरून रॉड किंवा प्रेशर जेटचं मशीन लावणाऱ्यालाच बोलवा, पैसे जास्त लागले तरी. सोसायटीच्या शेवटच्या चेंबरच्या पुढे, रस्त्यातली लाइन तुंबली असेल तर ते पालिकेचं काम, पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा, वॉर्ड ऑफिसला पाठपुरावा करताना तोच विचारतात.

खर्चावरून भांडणं होतात म्हणून हेही सांगतो, मॉडेल बायलॉजप्रमाणे (हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे) बाहेरची सामाईक ड्रेनेज लाइन सोसायटीने दुरुस्त करायची, घराच्या आतलं मेंबरने. सेक्रेटरींना तोंडी सांगून सोडून देऊ नका, कोणकोणत्या फ्लॅटमध्ये त्रास आहे हे लिहून एकत्र सहीने अर्ज द्या.

रिनोव्हेशननंतर सुरू झालेला त्रास हा शेवटचा प्रकार, आणि दुर्दैवाने सगळ्यात महाग. कमोड दुसऱ्या भिंतीला सरकवला की मधला आडवा पाइप लांबतो, त्याला मीटरमागे साधारण दोन सेंटीमीटर उतार हवा, लादीखाली तेवढी जागा नसली की कामगार पाइप जवळजवळ सपाट टाकतात आणि घाण मध्येच बसते. तिथे टाकी, बटण, स्प्रिंग काही उपयोगाचं नाही, पाइप परत टाकावा लागतो. लादी बसायच्या आधी पाइपावर लेव्हलची पट्टी ठेवून स्वतः बघा आणि फोटो काढून ठेवा.

कमोडच बदलायचं ठरलं तर दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी मोजा. आउटलेट भिंतीत जातो की जमिनीत, म्हणजे पी ट्रॅप की एस ट्रॅप, आणि जमिनीत असेल तर टाइल्स लावलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुकानात साधारण चार, नऊ आणि बारा इंचांचे मिळतात. अंतर जुळलं नाही की मध्ये वाकडा जोड टाकून बसवतात आणि त्या वाकड्या जोडात पहिल्या महिन्यापासून अडकायला लागतं, म्हणून दुकानदार जमवून देतो म्हणाला तरी तो कमोड घेऊ नका, तुमच्या मापाचा मागवून घ्या. आणि बसवून झाला की त्याच दिवशी, फिटर घरात असतानाच, टिश्यूचे सहा-सात चुरगळलेले बोळे टाकून पूर्ण फ्लश करून बघा, एका फ्लशमध्ये सगळे गेले पाहिजेत, नाही गेले तर टाकीचं सेटिंग त्याच्याकडूनच करून घ्या.